शेवटचं पान सोडून

गिरिजाचा दिवा लागला तेव्हा दुकानात मी एकटाच होतो. दुपार होती. बार्शीच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, गिऱ्हाईक तर लांबच. शटर अर्धं ओढून मी डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला आणि समोरच्या फळ्याकडे नजर गेली. वरच्या ओळीतला पहिला दिवा पिवळा झाला होता.

तो दिवा गिरिजाचा. गिरिजा माझी बायको. तिला जाऊन तेव्हा महिना होत आला होता आणि दुकान मी नुकतंच परत उघडलं होतं.

फळा म्हणजे काय ते आधी सांगतो. आमचं दुकान घोंगडे बुक स्टॉल. वडिलांनी काढलं, मी चालवलं. पाठ्यपुस्तकं, गाईडं, वह्या यांवर दुकान चालायचं आणि कथा-कादंबऱ्यांवर त्याचं नाव चालायचं. मग पुस्तकं फोनवर आली आणि कथा-कादंबऱ्या विकायच्या थांबल्या. आमच्यासारखी दुकानं एकेक करून झेरॉक्सची किंवा मोबाईलची झाली. आम्हीही त्या वाटेवर होतो, तेवढ्यात पानोपान नावाची कंपनी आली.

पानोपानची पाटी होती. हातात मावेल एवढी, कागदासारखी मळकट पांढरी, डोळ्यांना न खुपणारी. ती दुसरीकडे कुठे मिळायची नाही, फक्त आमच्यासारख्या छोट्या पुस्तकाच्या दुकानांत मिळायची. पाटीच्या किमतीत आजन्म वर्गणी आलेली असायची. एकदा घेतली की मरेपर्यंत हवी ती पुस्तकं वाचा. साऱ्या वर्गण्यांचे पैसे कंपनी एका हंड्यात टाकायची आणि कुणाची किती पानं वाचली गेली, त्या मानाने वाटायची. लेखकाला, प्रकाशकाला, आणि थोडा हिस्सा ज्या दुकानाने पाटी विकली त्याला. पाटी वाचली जाईल तोवर हिस्सा येत राहायचा. म्हणजे गिऱ्हाईक एकदा दुकानात आलं, तरी ते आयुष्यभर आमचं.

आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक पाटीचा एक बारका दिवा कंपनीने दुकानात लावलेल्या फळ्यावर होता. गावात कुणी वाचायला बसलं की त्याचा दिवा लागायचा. दिव्यावर बोट ठेवलं की खाली पुस्तकाचं नाव यायचं. गिरिजाचा या फळ्यावर फार जीव. कुणाचा दिवा बरेच दिवस लागला नाही तर ती फोन करायची, तब्येत बरी आहे ना म्हणून विचारायची. लोकांना आधी ते चमत्कारिक वाटायचं. नंतर सवय झाली. कांबळे मास्तरीणबाई तर म्हणायच्या की गिरिजाकाकूंच्या धाकाने रोज दोन पानं वाचावी लागतात.

पाटी उघडून पानं नुसती उलटली तर ती मोजली जात नसत. त्यासाठी पाटीच्या वरच्या कडेला बारीक कॅमेरे होते. आपल्याला वाटतं की वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकते. तसं नसतं. नजर उड्या मारते. एका शब्दावर टेकते, दोन शब्द ओलांडून पुढे टेकते, मध्येच मागे जाते. अडलेल्या शब्दावर थांबते, ओळखीच्या शब्दांवर टेकतही नाही. आणि हे सगळं प्रत्येकाचं वेगळं असतं. जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं कोण चढतंय ते कळतं, तसंच हे. कंपनी त्याला नजरेची चाल म्हणायची. पाटी मालकाची चाल ओळखायची आणि त्याने स्वतः वाचलेलीच पानं धरायची. गिरिजाची पाटी घेऊन मी वाचलं, तर ते पान तिच्या नावावर चढत नसे.

ही गोष्ट आमच्याकडे नेहमी घडायची. पुस्तकं मी विकली, वाचली तिने. मी फक्त शेवटचं पान वाचायचो. लग्न झालं तेव्हापासूनची ही पद्धत. ती पुस्तक शेवटच्या पानापर्यंत आणायची आणि थांबायची. दुपारी शटर अर्धं खाली आलं, डबा झाला की ती आपल्या स्टुलावर बसायची आणि पुस्तक माझ्याकडे द्यायची. मी ते पान मोठ्याने वाचायचो. मागचं पुढचं मला काही माहीत नसायचं. कोण मेलं, कोण परत आलं, काही कळायचं नाही. वाचून झालं की ती म्हणायची, "बरं." किंवा म्हणायची, "एवढंच?" पुस्तक कसं होतं ते मला त्यावरून कळायचं आणि गिऱ्हाइकांना मी तेच सांगायचो. पाटी आली तरी पद्धत तीच राहिली.

तर त्या दुपारी दिवा लागला. मी हात धुतला आणि दिव्यावर बोट ठेवलं. खाली नाव आलं, 'निळ्या बंगल्याचे दिवस, भाग चौथा'.

गिरिजाची पाटी घरी कपाटात होती. आमच्यात माणसाला पुरतात. तिला नेताना राजश्री, माझी मुलगी, म्हणाली होती की आईची पाटी आईजवळ ठेवू. मी नको म्हणालो. तेव्हा हो म्हणालो असतो, तर हा दिवा बघून मी काय समजलो असतो, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

घरी जाऊन पाहिलं. पाटी कपाटात, तिच्या साडीखाली होती तशीच होती. बॅटरी पार उतरलेली. दाबलं तरी चालू होत नव्हती.

आधी वाटलं, फळ्यात बिघाड असेल. पण बिघाड असता तर दिवा कधीही लागला असता, कधीही विझला असता. हा दुसऱ्या दिवशीही दुपारीच लागला, तिची वाचायची वेळ असायची तेव्हा. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग माझ्या मनात राजश्री आली.

हे सांगायला बरं वाटत नाही, पण आली. ती पुण्याला असते. दुकान काढून टाका आणि इकडे या, असा तिचा लकडा गिरिजा होती तेव्हापासूनचा होता. आईचं खातं दुसऱ्या पाटीवर उघडणं तिला सोपं होतं; पान मोजलं गेलं नसतं, पण दिवा लागला असता. का वाचत असेल, हे मला सांगता आलं नसतं. पण संशयाला कारण लागत नाही. मी फोन केला आणि आडवळण न घेता विचारलं, आईच्या खात्यावर तू वाचतेस का.

ती म्हणाली, "अप्पा, आईचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये पहिला आहे. मला तो खाली सरकवता येत नाही. आणि तुम्हाला वाटतं की मी तिच्या नावावर कादंबऱ्या वाचत बसलेय?"

मी दिव्याचं सांगितलं. ती म्हणाली, कंपनीला विचारा. मग म्हणाली, जेवलात का. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, पण दिवा समोर पिवळाच होता.

पाटी घरून आणली आणि दुकानात चार्जिंगला लावली. दिवा लागेपर्यंत महिनाभर ती चालू करायची हिंमत मला झाली नव्हती, कारण तिच्यात काय आहे ते मला माहीत होतं. दवाखान्यात गिरिजा एक छोटी कादंबरी वाचत होती. ती तिने शेवटच्या पानापर्यंत आणली होती आणि म्हणाली होती, उद्या वाचा. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती. ते पान माझ्याकडून राहिलं.

पाटी उजळली. ती कादंबरी तिथेच होती, शेवटच्या पानाला खूण लावलेली. पण आता ती सगळ्यांत वर नव्हती. तिच्या वर 'निळ्या बंगल्याचे दिवस'चे भाग होते, पहिला, दुसरा, तिसरा. एकेक उघडून पाहिला. प्रत्येक भाग वाचलेला होता. आणि प्रत्येकाला शेवटच्या पानाला खूण होती. शेवटचं पान सोडून सगळं वाचलं होतं.

मी खुर्चीत बसलो. आमच्या पद्धतीची माहिती जगात दोनच माणसांना होती. एक मी. मी वाचलं नव्हतं.

तिथे बसून मला काय वाटलं ते लिहीत नाही. ज्याचं माणूस गेलं आहे त्याला कळेल, बाकीच्यांना लिहून कळणार नाही.

माझं डोकं ठिकाणावर आणलं ते शब्बीर शिंप्याच्या दिव्याने. तो तिसऱ्या ओळीत होता. आम्ही पाट्या विकायला लागलो तेव्हाचं हे गिऱ्हाईक. ओठ हलवत वाचायचा, फक्त गुप्तहेरकथा वाचायचा, आणि एका पानाला भजी तळून होतील एवढा वेळ लावायचा. तो पावसाळ्यातच वारला होता. त्याच्या मयतीला मी गेलो होतो. आणि त्याचा दिवा चालू होता. बोट ठेवलं. 'निळ्या बंगल्याचे दिवस, भाग दुसरा'.

मग मी फळ्याकडे नीट बघायला लागलो. छोट्या गावात दुकानदाराला मेलेली माणसं पाठ असतात, कारण मातीला जावंच लागतं. एरंडे वकील. बँकेतल्या शेवंताबाई. मोटेगावचे पाटील. सगळ्यांचे दिवे लागत होते, प्रत्येकाचा त्याच्या जुन्या वेळेला. सगळे तेच पुस्तक वाचत होते.

टोपी घालून मी शुक्रवार पेठेमागे शब्बीरच्या घरी गेलो. त्याची बायको, हसीनाभाभी, आता त्याचंच मशीन चालवते. पाय न थांबवता तिने माझं ऐकून घेतलं. पाटी कुठे आहे विचारलं, तर म्हणाली ट्रंकेत आहे, नातू तिच्यावर बसला, काच तडकली, तेव्हापासून बंद. मी म्हणालो की भाभी, शब्बीरभाई रोज दुपारी वाचतायत. ती हसली आणि म्हणाली, "अण्णा, उन्हात कशाला फिरता तुम्ही?"

मी सगळं समजावून सांगितलं. हळूहळू मशीन थांबलं.

"काय वाचतायत?" तिने विचारलं.

"प्रेमकथा."

"तौबा. माझ्याशी निकाह झाला तेव्हासुद्धा नाही वाचली कधी." ती पुन्हा हसली, पण हातातलं कापड तसंच राहिलं. मग म्हणाली, "जिवंत होते तोवर लोकांनी उधारीवर पायजमे शिवून घेतले. आता मेल्यावर पण कामालाच लावलं म्हणायचं. मजुरी कुणाला मिळते अण्णा याची?"

मी टोपी सारखी केली आणि निघालो. थोडीशी मजुरी मलाच मिळत होती. गिरिजा गेल्यापासून हिस्सा कमी झाला नव्हता. उलट वाढला होता. तो का वाढला हे मी विचारलं नव्हतं.

करमाळ्याच्या आणि लातूरच्या दुकानदारांना फोन केले. दोघे जुने ओळखीचे. करमाळ्याचा म्हणाला, असेल काहीतरी. लातूरचा बराच वेळ हवापाण्याचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "घोंगडे, दिवा जळतोय ना? मग वात कुणी लावली ते कशाला बघायचं?" म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच थोडं थोडं माहीत होतं, आणि ते थोडं थोडं प्रत्येकाला परवडत होतं.

मी पानोपानला तक्रार कळवली. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. उत्तर आलं नाही, माणूस आलं. केतकी आगाशे नावाची बाई पुण्याहून गाडी घेऊन आली. राजश्रीच्याच वयाची असावी. चांगली वाटली, हे सांगायला हवं. गिरिजाच्या स्टुलावर बसली नाही, उभी राहिली. बसायला सांगितल्यावर विचारलं, इथे बसले तर चालेल ना.

तिने काही लपवलं नाही. तिला वाटलं असणार की मला सगळं कळलंय, किंवा इतर दुकानदारांसारखा मीही ऐकून घेईन. ती म्हणाली, एखाद्याची नजरेची चाल काही वर्षं साठवली की मशीनला ती शिकवता येते. मग मशीनपुढे कोणतंही नवं पुस्तक ठेवा. त्या माणसाने ते कसं वाचलं असतं, कुठे थांबला असता, कुठे मागे गेला असता, ते मशीन दाखवतं. अंदाज म्हणून नाही, शब्द न् शब्द. ज्यांच्या पाट्या आता कुणी वापरत नाही, त्यांच्या चाली महिन्या-दीड महिन्यापासून कंपनी वाया जाऊ देत नाही.

"म्हणजे मेलेल्यांच्या," मी म्हणालो.

"आमच्याकडे तशी नोंदच नाही हो काका. वर्गणी आजन्म असते. आयुष्य संपलं हे कळवायची सोयच ठेवलेली नाही."

मी विचारलं, सगळे एकच पुस्तक का वाचतायत. ती म्हणाली, ते पानोपानचंच प्रकाशन आहे. मी विचारलं, लेखक कोण. ती चहाच्या कपात बघत म्हणाली की ही पुस्तकं तयार केली जातात.

आता सगळं जुळलं. लिहिणारं कुणी नव्हतं, वाचणारं कुणी नव्हतं, आणि पानं मोजली जात होती. जिवंत माणसांनी भरलेल्या वर्गणीतून जिवंत लेखकांना जायचे ते पैसे त्या पानांवर जात होते. थोडे आम्हा दुकानदारांना, गप्प बसावं म्हणून.

ती निघायला उठली आणि पुन्हा बसली. म्हणाली, काकूंच्या बाबतीत आमच्या लोकांना एक कोडं आहे. त्या कुठलंच पुस्तक पूर्ण करत नाहीत. शेवटचं पान वाचतच नाहीत. आम्हाला वाटलं होतं यंत्रात दोष असेल. एका पानाचा प्रश्न म्हणून सोडून दिलं.

मी तिला कारण सांगितलं नाही.

मग तिने ते सांगितलं ज्यासाठी ती आली होती. म्हणाली, "काका, तुम्हाला हवं ते पुस्तक आम्ही काकूंना वाचायला देऊ. त्यांच्या पाटीवर त्यांची नजर दिसेल असं करून देते. बाहेर कुणाला देत नाही आम्ही हे. तुम्ही फक्त बाकीच्यांचं बोलू नका."

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हणालो नाही. दुकान जाईल याची भीती होतीच. पण खरी भीती दिव्याची होती. माझं माणूस एकदा गेलं होतं. मी तोंड उघडलं की ते पुन्हा जाणार होतं, आणि या वेळी माझ्या हाताने.

दुसऱ्या दुपारी शटर अर्धं ओढून पाटी समोर ठेवली. एका नव्या लेखिकेची कादंबरी निवडली, खऱ्या बाईने लिहिलेली. पानावर करड्या रंगाचा एक ठिपका आला. तो थोडा थांबला आणि वाचायला लागला.

तीच होती. मी तिच्या शेजारी बसून किती वर्षं तिचे डोळे पाहिले होते. नावांवरून ती भरकन जायची, भांडणं आली की हळू व्हायची. ठिपका तसंच करत होता. एका ठिकाणी गोष्टीतली बाई भरल्या वांग्यात गूळ घालते असं होतं. ठिपका 'गूळ'पाशी थांबला. मागे गेला. 'वांगी'वर टेकला, परत 'गूळ'वर आला, परत मागे. मला एकदम हसू फुटलं. गिरिजाने वांग्यात कधी गुळाचा खडा पडू दिला नव्हता. राजश्रीच्या सासरी वांग्यात गूळ घालतात, यावर ती लग्नाच्या दिवसापासून नाराज होती.

मी रोज पुस्तकं द्यायला लागलो. दुकान उशिरा उघडायचो, शटर लवकर ओढायचो. गिऱ्हाईक बाहेरून हाक मारून निघून जायचं. राजश्रीचे फोन घेतले नाहीत. ठिपका शेवटच्या पानाशी येऊन थांबायचा आणि तिथेच लुकलुकत राहायचा. मग मी ते पान मोठ्याने वाचायचो. वाचून झाल्यावर दुकान गप्प असायचं. पंखा तेवढा फिरायचा.

एक दिवस मी तिला मुद्दाम भिकार पुस्तक दिलं. खोड काढायची म्हणून, जुन्या सवयीने. असं पुस्तक हातात आलं की गिरिजा चार पानं वाचायची, चष्मा कपाळावर सारायची आणि ते गल्ल्यावर आदळायची. "हे विकू नका, माणसं परत यायची नाहीत," म्हणायची. आमच्या दुकानाचं नाव त्या आदळण्यावर होतं. ती कुठली पुस्तकं टाकून देते ते गावाला माहीत होतं, म्हणून ती जी ठेवते त्यांवर गावाचा विश्वास होता.

ठिपका चार पानं गेला. वैतागला, ते दिसत होतं. ओळी गाळायला लागला, मागे गेला, पुन्हा गाळल्या. मी हसत वाट बघत होतो. तो पाचव्या पानावर गेला. सहाव्या. दहाव्या. तिच्या सगळ्या वैतागासकट तो पुढे जात राहिला, आणि कंटाळलेलं माणूस घाण्याला जुंपल्यासारखं ते पुस्तक ओढत राहिला. दुपार गेली. मला ते बघवेना. पाटी पालथी घातली तरी फळ्यावर दिवा जळत होता, म्हणजे आत वाचणं चालूच होतं.

मी केतकी आगाशेला फोन लावला. "ती पुस्तक सोडत का नाही?"

ती म्हणाली, "ते आम्ही काढून टाकलं काका. सोडलेल्या पुस्तकाची पुढची पानं मोजली जात नाहीत ना."

मी फोन ठेवला. हसीनाभाभीचं बोलणं कानात आलं. मेल्यावर पण कामालाच लावलं म्हणायचं.

त्या संध्याकाळी राजश्रीला फोन केला आणि तिच्यावर संशय घेतल्याबद्दल माफी मागितली. मग काय ठरवलंय ते सांगितलं. तिने विचारलं, "मग आईचा दिवा?" मी म्हणालो, जाईल. ती म्हणाली, मी येते.

शनिवारी बाजार असतो, सगळा तालुका गावात येतो. तो दिवस धरला. फळा भिंतीवरून उतरवून दर्शनी खिडकीत लावला, रस्त्याकडे तोंड करून. दुकानासमोर दोन बाकडी जोडली, वर पांढरी चादर घातली. घरोघरी निरोप गेले होते. एरंडे वकिलांच्या मुलाने पाटी आणली. शेवंताबाईंची बहीण आली. मोटेगावच्या पाटलांची पाटी त्यांच्या सुनेने पदराखाली आणली. हसीनाभाभीने तडकलेली पाटी ट्रंकेतून काढून, पुसून आणली. प्रत्येक पाटीची बॅटरी लोकांसमोर काढली आणि बाजूला ठेवली. प्रत्येक पाटीखाली कागदावर नाव लिहिलं. सगळ्यांत शेवटी मी गिरिजाची ठेवली.

मग आम्ही थांबलो. लोक जमले, कशाची विक्री आहे म्हणून विचारत. दुपार झाली आणि फळ्यावर पहिला दिवा लागला, गिरिजाचा. राजश्रीने त्याच्यावर बोट ठेवून पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचलं आणि चादरीवरच्या बंद पाटीकडे हात केला. मग वकिलांचा लागला. शेवंताबाईंचा. शब्बीरचा लागला तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, शब्बीरभाई, माझा सदरा राहिलाय. थोडे जण हसले. मग कुणी हसलं नाही. मेलेल्या माणसांच्या पाट्या बाकड्यावर उघड्या पडलेल्या आणि त्यांचे दिवे खिडकीत जळत आहेत, यावर बोलण्यासारखं काही नसतं. लोक फोन वर धरून ते टिपत होते.

मी त्यांना भाषण केलं नाही. एवढंच म्हणालो की तुम्ही भरलेली वर्गणी ही माणसं वाचून संपवतायत, आणि यांना कुणी विचारलेलं नाही.

तासाभरात फोन आला. केतकी आगाशेचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "काका, फळा बंद करा. प्लीज."

"बंद करायचं बटण तुमच्याकडे आहे," मी म्हणालो.

थोड्या वेळाने शब्बीरचा दिवा विझला. हसीनाभाभीने ओढणी डोक्यावर ओढली आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली. मग पाटलांचा विझला, मग इतरांचे. वरच्या ओळीतला पहिला मागे राहिला. मी ठरवलं होतं की बघायचं नाही. बघितलंच. राजश्रीने माझा हात धरला. दिवा एकदा फिका झाला आणि गेला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चित्रफिती राज्यभर गेल्या. कंपनी म्हणाली, तांत्रिक दोष. लेखकांनी हिशेब मागितले, चौकशी लागली, ती अजून चालू आहे. लातूरच्या दुकानदाराने मला फोनवर शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. फळा बरेच दिवस पूर्ण काळा होता. नंतर जिवंत माणसांचे दिवे परत यायला लागले, पण पहिल्यापेक्षा कमी. हिस्सा घटला आहे. दुकान वर्षभर टिकेल की नाही, मला सांगता येत नाही.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी गर्दी पांगल्यावर आम्ही बाकडी आत घेतली. राजश्रीने डबा उघडला. आम्ही जेवलो. मी शटर अर्धं ओढलं आणि गिरिजाच्या पाटीत बॅटरी घातली. वर आलेले सगळे निळे बंगले आणि मी दिलेली पुस्तकंही नाहीशी झाली होती. दवाखान्यातली ती कादंबरी पहिली होती, शेवटच्या पानाला खूण लावलेली.

"बस," मी म्हणालो. राजश्री आईच्या स्टुलावर बसली.

मी ते पान वाचलं. त्यात एक माणूस बसस्टँडवर कुणाची तरी वाट बघतो. एसटी येते, त्यातून ते माणूस उतरत नाही, आणि हा विडी पेटवतो. मागचं पुढचं मला काही माहीत नव्हतं. पान संपलं, तशी पाटी खाली ठेवली.

कपाळाला आठी घालून राजश्रीने माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच?" ती म्हणाली.